लाईट नाही, मग चहा कसा ठेवायचा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आखाड्यावर (शेतातल्या घरी) राहतो. डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाला की आठ-आठ दिवस अंधार. घरात ८५० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी आहे. त्यावर इंडक्शन लावलं की इन्व्हर्टर बोंबलतो आणि बंद पडतो. पॉवर कमी करून पाहिली, तरी तेच. बॅटरी गेली का?
— एक वाचक, ता. पाथरी, जि. परभणी

उत्तर : बॅटरीला बोल लावू नका. ८५० व्हीएचा इन्व्हर्टर जेमतेम ६५०-७०० वॅट देतो आणि इंडक्शन १८०० ते २००० मागतं. तुम्ही बटण दाबून ४०० वर आणता, पण बरीचशी साधी इंडक्शन ४०० वॅट सलग घेतच नाहीत. काही सेकंद हजार-बाराशे वॅट ओढायचे, थांबायचं, पुन्हा ओढायचे, अशी त्यांची रीत. इन्व्हर्टर त्या पहिल्याच झटक्याला पडतो.

मोठा इन्व्हर्टर आणून हे सुटणार नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीतून २००० वॅट काढायचे तर १९० अँपिअरच्या आसपास करंट लागतो. १५० एएच हा आकडा बॅटरी दहा-वीस तासांत सावकाश उतरवली तरचा; एवढ्या जोरात ओढली की व्होल्टेज बसतं आणि बॅटरीचं आयुष्यही घटतं.

हिशेब असा मांडा. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ८७ वॅट-तास लागतात, वाया जाणारी उष्णता धरून शंभर. बॅटरीत १२ गुणिले १५०, म्हणजे १८०० वॅट-तास; ती निम्मीच उतरवावी, म्हणजे ९००; त्यातले दीडशेएक इन्व्हर्टरच खातो. उरले साडेसातशे. सात-साडेसात लिटर पाणी उकळलं की रात्रीचे दिवे, पंखा, मोबाईल सगळं संपलं. चहापुरती सोय हवी असेल तर ५०० वॅटची छोटी किटली घ्या. अर्धा लिटर पाणी सहा-सात मिनिटांत उकळतं आणि इन्व्हर्टर कुरकुरत नाही. भाकरी-कालवणाला मात्र चूलच.

प्रश्न : ३३५ वॅटचं सोलर पॅनल पडून आहे. त्याला पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड थेट जोडला. दुपारभर ठेवूनही बादली कोमट होईना. पॅनल खराब आहे की रॉड?
— ता. केज, जि. बीड

उत्तर : दोन्ही ठीक आहेत, जोडी जमत नाही. २३० व्होल्टच्या त्या रॉडचा रोध ३५ ओहमच्या आसपास असतो. पॅनलचे ४४-४५ व्होल्ट त्यावर पडले तर सव्वा अँपिअर करंट जातो, म्हणजे उष्णता झाली पंचावन्न वॅट. उघडी बादली तेवढी उष्णता वाऱ्यालाच देऊन टाकते.

या पॅनलला साडेचार ओहमच्या जवळचं एलिमेंट लागतं. ४८ व्होल्ट, ५०० वॅटचं डीसी (पॅनल-बॅटरीच्या एकाच दिशेच्या करंटवर चालणारं) एलिमेंट बरोबर बसेल (४.६ ओहम). भांडं झाकणाचं घ्या आणि बाहेरून गोधडी गुंडाळा. कडक उन्हात दहा लिटर पाणी दोन-अडीच तासांत सत्तरीपर्यंत जातं. सकाळी नऊला किंवा ढगात ते रडतच चालणार, तेव्हा अकरा ते तीन एवढीच वेळ धरा.

एक जपा. घरातलं साधं बटण किंवा गिझरचा थर्मोस्टॅट इथे लावू नका. डीसी करंट तुटताना ठिणगी विझत नाही, संपर्क चिकटतो किंवा जळतो. डीसीचाच एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) लावा. एलिमेंट पाण्यात बुडाल्याशिवाय चालू करू नका.

प्रश्न : सौर पेटीत (सोलर कुकरमध्ये) भात छान होतो, तुरीची डाळ मात्र दातात येते. का?
— एक वाचक भगिनी, भूम, जि. धाराशिव

उत्तर : आधी पाणी बघा. बोअरचं जड पाणी असेल, तुमच्या पातेल्यात पांढरा थर धरत असेल, तर डाळ शिजायला वेळ घेणारच. कुकरमध्ये दाबामुळे ते झाकून जातं, पेटीत उघडं पडतं. डाळ दोन तास भिजवा, जमलं तर साठवलेल्या पावसाच्या पाण्यात. चिंच, आमसूल, टोमॅटो शिजताना घालू नका. आंबटपणाने डाळ निबर राहते. वरण झालं की मग घाला.

भिजलेल्या वाटीभर डाळीला दोन वाट्या पाणी पुरतं, पेटीत वाफ फारशी जात नाही. कुकरच्या सवयीने चार वाट्या ओतल्या तर निम्मं ऊन जादा पाणी तापवण्यातच जातं. डबा बाहेरून काळाच हवा, चकचकीत ॲल्युमिनिअम ऊन परतवतं. ब्लॅकबोर्डचा रंग फक्त बाहेरून द्या. दहाच्या आत पेटी लावा, दर अर्ध्या-पाऊण तासाने सूर्याकडे फिरवा, आरशावरची धूळ पुसा. मधेमधे उघडून बघायचा मोह आवरा, कोंडलेली उष्णता क्षणात निघून जाते. काचेच्या आतून सतत पाणी जमत असेल तर डब्याचं झाकण नीट बसत नाही, किंवा पाणी जास्त झालं.

तीन वाजले तरी डाळ अर्धवट असेल तर चुलीवर पाच मिनिटं खळखळ उकळा आणि झाकणासकट गोधडीत घट्ट बांधून तासभर ठेवा. फोडणी चुलीवरच होणार, पेटीत ती होत नाही. श्रावणात पेटी माळ्यावर.

प्रश्न : बोअरचं पाणी वीस मिनिटं उकळून पितो. सरपण फार जातं.
— ता. किनवट, जि. नांदेड

उत्तर : वीस मिनिटं कशाला? मोठे बुडबुडे खळखळ यायला लागले की एक मिनिट पुरे, जंतू मरतात. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट तासभर उकळूनही जात नाहीत. पाणी आटतं तसे ते घट्टच होतात. त्यासाठी पाणी तपासून घ्या आणि स्रोत बदला.

नुसत्या जंतूंची भीती असेल तर न उकळता उन्हानेही ते मरतात; त्याला दोन लिटरपर्यंतची पारदर्शक पेट प्लास्टिकची बाटली चालते. लेबल काढायचं, पाणी गढूळ असेल तर निवळू देऊन गाळायचं, बाटली पत्र्यावर आडवी ठेवायची. लख्ख उन्हात सहा तास, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. ओरखडे पडून धुरकट झालेली बाटली या कामाची नाही, तिच्यात बियाणं भरा.