कशेडी बोगद्याचा टोल वेगळा का आणि फास्टॅग नसेल तर काय?

मुंबई-गोवा महामार्गावरच्या कशेडी बोगद्याचा टोल वेगळा कापत नाहीत, पण हिशेबात तो भारी पडतो. राष्ट्रीय महामार्गावर टोल लांबीवर ठरतो आणि बोगद्याची लांबी दहापट धरतात. कशेडीचा बोगदा साधारण 2 किमी, म्हणजे हिशेबात 20. समजा टोलनाक्याचा टप्पा 60 किमीचा असेल, तर 58 अधिक 20 असा 78 किमीचा टोल बसेल. जुलै 2025 मध्ये यात सवलत आली: ही बेरीज किंवा पूर्ण टप्प्याच्या पाचपट, यातलं जे कमी असेल ते. पण पाचपट म्हणजे 300, त्यामुळे आपल्याला फायदा शून्य. ती सवलत पूल-बोगद्यांनीच भरलेल्या रस्त्यांना.

फास्टॅग नसेल तर 15 नोव्हेंबर 2025 ला नियम आला: रोख दिल्यास दुप्पट टोल, यूपीआयने दिल्यास सव्वापट. खासगी गाडीने सारखं गावी जात असाल तर 2025 मध्ये 3000 रुपयांना सुरू झालेला वार्षिक पास बघा, 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. दुचाकीला टोल नाही.

गणपतीत सरकार टोलमाफी जाहीर करतं, पण त्याचा वेगळा पास लागतो. आरटीओ किंवा पोलीस ठाण्यातून आधीच घ्या. निघायच्या रात्री धावपळ नको.

आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन लेन आहेत म्हणून आत ओव्हरटेक करू नका, कळकळीने सांगतो. घाटातली पाऊण तासाची वळणं दहा मिनिटांवर आली, तेवढं पुरे आहे. पोरंबाळं घेऊन जातो आपण.