प्रार्थना करूनही हात उठतो
"मॅडम, मी उठल्याबरोबर प्रभूकडे सहनशीलता मागते. आणि आठ वाजायच्या आत पोरीच्या पाठीत धपाटा बसलेला असतो. माझ्या विश्वासातच खोट आहे का ओ?"

मिरजेच्या या बाई नर्स आहेत (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून आमच्या ख्रिस्ती समाजात नर्सबाई नसलेलं घर शोधावंच लागतं. यांची मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड. नवरा कुपवाड एमआयडीसीत पाळ्यांवर. हाच प्रश्न मला संडे स्कूलच्या शिक्षिकांनीही विचारलाय, फक्त दार लावून घेतल्यावर.

एका रविवारी उपासनेला निघायची घाई होती. वेणी घालायला त्यांनी कंगवा उचलला, तर पोरीनं डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली. "मी मारणार नव्हते ओ. वेणीच घालणार होते." एवढं सांगून त्या बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसल्या.

मी बायबलमधली वचनं सांगितली नाहीत. ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. दोन आठवडे कॅलेंडरच्या मागं नोंद ठेवायला सांगितली: आवाज कधी चढला, त्याआधी झोप किती झाली, पोटात काय होतं. नर्सबाईच त्या, चार्ट चोख आला. अकरा नोंदी. सात नाइट ड्युटीवरून आल्यानंतरच्या, दोन रविवार सकाळच्या, दोन किरकोळ. झोप झालेल्या दिवशी जवळपास काहीच नाही.

मग मी बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढली. रतामाच्या झुडपाखाली बसून त्यानं मरण मागितलं, तेव्हा देव त्याला रागावला नाही. झोपू दिलं. दूतानं उठवून भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला, पुन्हा भाकर आली. बोलणं झालं ते चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. संदेष्ट्याची ही गत, तर रात्रभर वॉर्डात उभं राहून आलेल्या बाईनं तसंच पोहे टाकायला का लागायचं?

"सासूबाईंना कसं सांगू?"

सासूबाईंना मीच बोलावलं. त्या बायबलच्या नीतिसूत्रांतली 'पोराला छडी चुकवू नका' ही शिकवण घेऊनच आल्या. म्हटलं, काकू, तेविसाव्या स्तोत्रातली मेंढपाळाची काठी तर धीर देते. आटपाडीकडचे धनगर काठी नुसती आडवी धरतात की मेंढरं वळतात. काकूंचं माहेर तिकडचंच. "ते खरं हाय," म्हणाल्या. त्या दिवसापासून ड्युटीनंतर तीन तास मुलं काकूंकडे.

रविवारचं सोपं होतं: कपडे, रिबिनी, चपला शनिवारी रात्रीच काढून ठेवायच्या, पोरीला आधी खाऊ घालायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट सांगायची. "चप्पल घाल, बाटली घे, भावाला ढकलू नको" यातलं तिसरं ऐकेपर्यंत पहिलं विसरलेलं असतं, आपल्याला तो उद्धटपणा वाटतो. मनाला आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. इथं तर पोरगी चार वर्षांची आहे.

जड गेलं ते माफी मागणं. "मी ओरडले, माझं चुकलं." इथंच थांबायचं. "पण तूही..." नाही. उपासनेत पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, मोठ्यानं म्हणणाऱ्या आपलं तोंड एवढ्याशा पोरीपुढं उघडत नाही, हे मी माझ्याच घरात पाहिलंय.

झोप मिळूनही मन सावरत नसेल, किंवा आपल्या हातून मुलाला इजा होईल अशी भीती वाटत असेल, तर मात्र प्रार्थनेवरच थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

तीन महिने झाले. ओरडणं बंद झालेलं नाही. मागच्या रविवारी सगळे पहिलं गीत संपल्यावर पोचले आणि शेवटच्या बाकावर बसले. पोरगी अजून कधीकधी मान आत घेते. म्हणून कंगवा आधी तिच्या हातात जातो. ती आईचे केस विंचरते, गुंता ओढते, आई कळवळते. मग कंगवा आईकडे येतो.