पेट स्कॅन : २१० पिकोसेकंद आणि आठ मिलिमीटरची गाठ

प्रश्न : आईच्या फुप्फुसात आठ मिलिमीटरची गाठ आढळल्याने डॉक्टरांनी पेट-सीटी (किरणोत्सारी औषध टोचून केलेला पेट स्कॅन आणि सीटी स्कॅन एकत्र) करायला सांगितले आहे. एका केंद्राच्या माहितीपत्रकात त्यांच्या यंत्राची ‘टाइम ऑफ फ्लाइट’ अचूकता सुमारे २१० पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) असल्याचे छापले आहे. तेवढ्या वेळात प्रकाश सहा सेंटिमीटरांहून अधिक अंतर कापतो; मग एवढी लहान गाठ दिसणार कशी? आणि ही अचूकता आणखी का वाढवत नाहीत?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : आपल्या हिशेबाला फक्त दोनाने भागायला हवे. टोचलेल्या औषधातून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे धनभारित जुळे कण, बाहेर पडतात. पॉझिट्रॉन आणि शरीरातला इलेक्ट्रॉन एकमेकांना नष्ट करतात तेव्हा दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. ते यंत्रापर्यंत पोहोचण्याच्या वेळांतला फरक मोजणे म्हणजे ‘टाइम ऑफ फ्लाइट’. उगमस्थान एका बाजूला जितके सरकते तितकी एका किरणाची वाट कमी होते आणि दुसऱ्याची तितकीच वाढते, म्हणून २१० पिकोसेकंदांची अनिश्चितता म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर. तरीही आपली शंका रास्तच राहते. तिचे उत्तर असे, की चित्राचा बारकावा या तीन सेंटिमीटरांवर ठरत नाही. तो मुख्यतः यंत्रातल्या, किरण टिपणाऱ्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या स्फटिकांवर ठरतो. किरणांची प्रत्येक जोडी एक रेषा देते आणि ती रेषा आडव्या दिशेने काही मिलिमीटरपर्यंत अचूक असते. अशा लाखो रेषा निरनिराळ्या कोनांतून एकमेकींना छेदतात आणि त्यांतून गाठ उमटते.

मग वेळ मोजून काय साधते? वेळ ठाऊक नसेल तर संगणकाला प्रत्येक घटना, म्हणजे किरणांची एकेक जोडी, शरीरातून जाणाऱ्या संपूर्ण रेषेवर सारखी पसरावी लागते आणि यकृतातल्या घटनांचा गोंगाट फुप्फुसाच्या चित्रात मिसळतो. वेळ ठाऊक असेल तर ती घटना तीन सेंटिमीटरांच्या पट्ट्यात राहते. चाळीस सेंटिमीटर रुंदीच्या शरीरात हा पट्टा रेषेचा तेरावा हिस्सा भरतो, त्यामुळे सिद्धांतानुसार गोंगाटाच्या तुलनेत संकेत तेराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे साडेतीन पटींहून थोडा अधिक, ठळक होतो. स्थूल रुग्णांना याचा लाभ अधिक मिळतो, आणि माझ्या मते या तंत्राचे खरे मोल तेच आहे.

अचूकता आणखी वाढवण्यातली अडचण स्फटिकात आहे. आजच्या बहुतेक यंत्रांतले ल्युटेशियमयुक्त स्फटिक गॅमा किरण शोषल्यावर जो प्रकाश देतात, तो विझायला सुमारे ४० नॅनोसेकंद, म्हणजे ४०,००० पिकोसेकंद लागतात. वेळेची नोंद मात्र पहिल्या काही प्रकाशकणांवरूनच करावी लागते. त्यासाठी स्फटिकातला प्रकाश टिपणाऱ्या जुन्या प्रकाशगुणक नळ्यांच्या जागी सिलिकॉनचे संवेदक आले आणि स्फटिकात कॅल्शियमचा अंश मिसळून पाहिला गेला. शिवाय स्फटिक सुमारे वीस मिलिमीटर खोल असतो. ही खोली पार करायला गॅमा किरणालाच ६७ पिकोसेकंद लागतात, स्फटिकातल्या प्रकाशाला त्याहूनही अधिक, आणि किरण नेमका किती खोलीवर थांबला हे सहसा कळत नाही. स्फटिक निम्मा आखूड केला तर वेळ सुधारते, पण जोडीतले दोन्ही किरण पकडले जाण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते. २०२१ मध्ये अमेरिकी आणि जपानी संशोधकांनी चेरेन्कोव्ह प्रकाशाच्या (पदार्थात त्यातल्या प्रकाशाहून वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनमुळे जवळजवळ तत्काळ उमटणाऱ्या प्रकाशाच्या) आधारे ३२ पिकोसेकंद गाठून, रेषांवरून चित्र जुळवणाऱ्या संगणकीय पुनर्रचनेशिवाय चित्र मिळवले, तेही केवळ दोन संवेदकांनी. रुग्णालयातल्या यंत्रासाठी लागणारी संवेदनक्षमता त्या मांडणीत नव्हती.

तेव्हा केंद्र निवडताना फक्त या आकड्याकडे पाहू नये. फुप्फुसाच्या खालच्या भागातली गाठ श्वासाबरोबर सरकते आणि त्यामुळे येणारा धूसरपणा कोणत्याही पिकोसेकंदाने जात नाही, म्हणून श्वासानुसार चित्रण करण्याची सोय तिथे आहे का, हे अवश्य विचारावे. आईंनी सांगितल्याप्रमाणे उपाशी राहावे, मधुमेह असेल तर तसे आधीच कळवावे आणि इंजेक्शननंतर स्वस्थ पडून राहावे. औषधातल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८चा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा वेळ, सुमारे ११० मिनिटांचा असल्याने घोडबंदर रोडची कोंडी गृहीत धरून वेळेआधीच निघावे. पुढे पुन्हा तपासणी करावी लागली तर ती शक्यतो त्याच यंत्रावर करावी, कारण नव्या यंत्रावर लहान गाठीतल्या औषधाच्या शोषणाचा आकडा मुळातच अधिक येऊ शकतो आणि आजार वाढल्याचा गैरसमज होऊ शकतो.