कलम 18 पुढेही वाचा

प्रश्न : मी राज्यसेवेची तयारी करते. मानवी हक्क आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, असं एका पानावर वाचते आणि पुढच्याच पानावर 'शिफारशी बंधनकारक नाहीत'. दोन्ही पाठ आहे, पण उत्तराचा शेवट दर वेळी 'दात नसलेला वाघ' असाच होतो. दुसरं काय लिहावं?
— एक वाचक, परभणी

उत्तर : दोन्ही पानं बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या टप्प्यांची आहेत. 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याचं कलम 13 चौकशीपुरतं आहे. साक्षीदाराला समन्स काढायचं, शपथेवर जबाब घ्यायचा, कागदपत्रं मागवायची. दोष दिसला की कलम 18 लागतं. तिथे आयोग भरपाईची किंवा खटला भरण्याची शिफारस करतो, शिक्षा देत नाही.

विद्यार्थी इथेच थांबतात, याची मला फार हळहळ वाटते. त्याच कलमात सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयात जाण्याची वाट दिली आहे. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी हत्याकांडातले सगळे आरोपी 2003 मध्ये सुटले, तेव्हा राष्ट्रीय आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. पीडितांच्या बाजूनेही दाद मागितली गेली होती. एप्रिल 2004 मध्ये फेरखटला महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश झाला आणि 2006 मध्ये मुंबईत नऊ जणांना जन्मठेप झाली. (पुढे उच्च न्यायालयात त्यातल्या चौघांचीच कायम राहिली, हेही लिहा.) हे उदाहरण दिलंत की वाघाची गरज उरणार नाही.

मर्यादा लिहिताना कलम 19 आहेच : सशस्त्र दलांविरुद्धच्या तक्रारीत आयोग केंद्राकडून अहवाल मागवतो, स्वतः चौकशी करत नाही. पण मला सगळ्यात जाचक वाटतं ते कलम 36, घटनेला वर्ष उलटलं की चौकशी नाही. वकिली करताना कोठडीत माणूस गेलेली घरं मी पाहिली आहेत. दिवसकार्य, शवविच्छेदनाचा अहवाल, पोलीस ठाण्याच्या खेपा यांतच वर्ष सरतं. पंजाबातल्या बेवारस म्हणून जाळलेल्या मृतदेहांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने आयोगाकडे सोपवलं, तेव्हा ही मुदत आड येत नाही असं 1998 मध्ये त्याच न्यायालयाला सांगावं लागलं.

आणि जुन्या नोट्स तपासा. 2019 च्या दुरुस्तीनंतर अध्यक्षांची मुदत पाचऐवजी तीन वर्षं आहे, आणि त्या पदावर सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीशही येऊ शकतात.