माशीवरची सावली: डब्याच्या पत्र्याची

नाशिकच्या उघड्या मैदानात सकाळचं ऊन डावीकडून आलं की बंदुकीच्या गोल माशीची, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेची, डावी कडच चमकते. डोळा तीच माशी समजून मागच्या साइटच्या खाचेत मध्यावर आणतो आणि गोळी उजवीकडे जाते. साइट फिरवू नका, माशीवर पत्र्याची कमान बसवून सावली करा.

शीतपेयाच्या ॲल्युमिनियम डब्याचा पत्रा पुरतो. आधी कागदाचा साचा, मगच पत्रा. लांबी साधारण ४ सेंमी. माशीच्या वर आणि दोन्ही बाजूंना ५-६ मिमी मोकळी जागा. त्याहून अरुंद केलात तर आतला अंधार माशीला गिळतो. कडा २ मिमी दुमडा, नाहीतर बोटं कापतील. कमानीचे खालचे पंख (दोन्ही बाजूंच्या पट्ट्या) नळीला घट्ट मिठी मारतील इतके वळवा. रबर बँड एअर रायफलला चालतो, ठासणीच्या बंदुकीची नळी तापते तिथे नाही. पुढचं टोक नळीच्या तोंडाबाहेर नको.

आतून ४०० नंबर पॉलिश पेपर घासून मॅट काळा रंग द्या. चकचकीत रंग म्हणजे नवा आरसा! माशीला मात्र कापराची काजळी. रंगाचा थर तिचा आकार बिघडवतो.

हे सगळं रिकाम्या रायफलवर. नंतर ५ गोळ्यांचा गट पाहूनच झिरो तपासा, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का ते बघा. स्पर्धेत चालेल का, ते आधी रेंज ऑफिसरला विचारा.