वाचकांचे प्रश्न : कॉकपिटमधले इशारे आणि शेपटीतली नारिंगी पेटी

प्रश्न : आमच्याकडे धावपट्टीवर अधूनमधून छोटं खासगी जेट उतरतं. समोर डोंगर नसला तरी कॉकपिटमध्ये 'टू लो, टेरेन' (फार खाली, जमीन जवळ) असा आवाज येतो म्हणे. यंत्र बिघडलेलं असतं का? (शिरपूर)

उत्तर : बिघाड नसतो, बहुतेक वेळा यंत्राला तुमची पट्टीच माहीत नसते. टॉज ही जमिनीला धडकण्याचा धोका ओळखून सावध करणारी यंत्रणा जीपीएसवरून विमान कुठे आहे ते पाहते आणि आपल्याजवळच्या धावपट्ट्यांच्या यादीशी ताडून बघते. पट्टी यादीत नसेल, तर तिच्या लेखी विमान उघड्या शेतात उतरतंय. म्हणून ती ओरडते. अशा ठिकाणी जाण्याआधी विमानातल्या डेटाबेसची आवृत्ती आणि त्यात ती पट्टी आहे का, हे दोन्ही तपासावं. नसेल तर दिवसाउजेडी, जमीन स्पष्ट दिसत असताना, चेकलिस्टप्रमाणे 'टेरेन इनहिबिट' हे इशारे थांबवणारं बटण दाबता येतं. त्याने फक्त नकाशावर आधारलेले इशारे थांबतात. 'सिंक रेट' (फार वेगाने खाली येताय), 'ग्लाइडस्लोप' (उतरण्याच्या ठरलेल्या उतारापेक्षा खाली आहात) हे चालूच राहतात. परत उडताना मात्र ते बटण आठवणीने पूर्ववत करायचं. उत्तरेला थोडं गेलं की सातपुडा उभाच आहे, आणि नकाशा गप्प बसवून तिकडे जाणं हा थेट जिवाशी खेळ आहे.

प्रश्न : दोन-तीन इशारे एकदम वाजले तर वैमानिकाने ऐकायचं कोणतं? (जळगाव)

उत्तर : क्रम यंत्रणाच लावते. स्टॉल (पंखांची उचल संपणं) आणि विंडशिअर (वाऱ्याचा वेग किंवा दिशा अचानक बदलणं) सर्वांत आधी, मग जमिनीचा इशारा, मग दुसऱ्या विमानाचा. जमिनीचा इशारा चालू असेपर्यंत टीकॅसचा, म्हणजे दुसऱ्या विमानाशी टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचा, आवाज दाबलेला असतो, आणि साधारण 500 फुटांखाली टीकॅस बोलतच नाही. खरी पंचाईत नुसत्या भोंग्याची. 2005 मध्ये हेलिओस या सायप्रसच्या विमान कंपनीच्या बोइंग 737 मध्ये केबिनमधला हवेचा दाब घटल्याचा भोंगा वाजला. जमिनीवर हाच भोंगा उड्डाणासाठी विमानाची मांडणी (फ्लॅप वगैरे) चुकल्याचं सांगतो, आणि वैमानिकांनी तोच अर्थ घेतला. 121 जण गेले. म्हणून हवेत भोंगा वाजला की आधी ऑक्सिजन मास्क, विचार नंतर.

प्रश्न : काही घडल्यावर कॉकपिटमधले आवाज टिपणारा व्हॉइस रेकॉर्डर आपोआप बंद होतो का? मी विमान देखभालीचा अभ्यासक्रम करतो. (धुळे)

उत्तर : वीज आहे तोवर तो लिहीतच राहतो, आणि जुनं पुसत जातो. जुन्या टेपवर 30 मिनिटं मावत, नंतरच्या चिपवर 2 तास. 1999 मध्ये अमेरिकेत एक लिअरजेट 35 वैमानिक बेशुद्ध झाल्यावर एकटंच उडत राहिलं, आणि उड्डाणापासून सुमारे चार तासांनी कोसळलं. टेपवर शेवटचा अर्धा तास होता. त्यात केबिनच्या दाबाचा इशारा ऐकू येतो, पण दाब गेला त्या क्षणाचा एक शब्दही उरला नव्हता. उड्डाणाची आकडेवारी टिपणारा डेटा रेकॉर्डर त्या विमानात नव्हताच.

म्हणून गंभीर घटनेनंतर विमान उभं करून इंजिनं बंद झाली की, ग्राउंड पॉवर जोडण्याआधी रेकॉर्डरचा सर्किट ब्रेकर (वीज तोडणारं बटण) ओढा, तो परत दाबला जाऊ नये म्हणून त्यावर कॉलर चढवा आणि टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या देखभाल वहीत, नोंद करा. लोक नेमके इथे चुकतात : वीज जोडली जाते, सफाईवाले आत बोलत बसतात आणि दोन तासांत सगळं त्यांच्या गप्पांनी भरतं. 'रेकॉर्ड झालंय का बघू' म्हणून पुन्हा चालू करणं तर मुळीच नको.

रोजच्या तपासणीत टेस्ट बटण सुमारे पाच सेकंद दाबून धरतात. हिरवा दिवा लागतो किंवा काटा हिरव्या पट्ट्यात येतो. मग पॅनेलच्या जॅकमध्ये हेडसेट लावून एरिया माइकसमोर (कॉकपिटमधला सगळा आवाज टिपणारा माइक) बोलायचं आणि आपलाच आवाज ऐकायचा. पण हिरवा दिवा पाहून निर्धास्त होऊ नका. चारही चॅनेल नीट जोडलेत का, हे त्याला कळत नाही. ते वार्षिक तपासणीत रेकॉर्डिंग वाजवून, कान देऊनच कळतं. तेव्हा सापडतं काय, तर एसी विजेची 400 हर्ट्झची गुणगुण, एका वैमानिकाचा कोरा चॅनेल, किंवा धुळीने बुजलेला एरिया माइक. बोलणं पुसट आणि इशारे तेवढे ठळक, असंही असतं. ही तासाभराची कंटाळवाणी ऐकणी आहे, पण हिच्याइतकं मोलाचं काम या पेटीवर दुसरं नाही.

प्रश्न : 'ब्लॅक बॉक्स' पाण्यात पडला तर? (अमळनेर)

उत्तर : 'ब्लॅक बॉक्स' म्हणजे या रेकॉर्डरचीच पेटी. ती नारिंगी असते, दिसावी म्हणून. स्मृतीचा भाग 1100 अंश सेल्सिअसला तासभर तग धरतो. पाणी लागलं की तिचा पिंगर, म्हणजे ठिकाण सांगणारा ध्वनिसंकेतक, सेकंदाला एकदा 37.5 किलोहर्ट्झची टिकटिक सुरू करतो. ती माणसाला ऐकू येत नाही, यंत्रानेच पकडावी लागते. जुने पिंगर 30 दिवस चालत, नवे 90. देखभालीत दोनच गोष्टी सांभाळायच्या : पाण्याच्या स्विचवर मळ साचू द्यायचा नाही, आणि बॅटरी लेबलावरच्या तारखेआधी बदलायची.