मोबाइलमध्ये भाषांतराचं ॲप असताना परदेशात फ्रेजबुक न्यावं का? न्यायचं तर कुठलं?

पुढच्या महिन्यात इटली-स्वित्झर्लंडला निघालाय असं तुम्ही लिहिलंय. फ्रेजबुक, म्हणजे प्रवासात लागणाऱ्या वाक्यांचं छोटं पुस्तक, जरूर न्या. कुठलं, याला फारसं महत्त्व नाही. खिशात मावणारं आणि मागे इंग्रजीतून तिकडच्या भाषेत आणि उलट, अशी दोन्ही बाजूंनी शब्दांची यादी असलेलं कुठलंही चालेल. या विषयावर आमच्या घरात अजून वाद मिटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही कोल्हापूरचे. फ्लॉरेन्सपर्यंत जायचं आणि राजाराम महाराजांच्या छत्रीला, म्हणजे त्यांच्या स्मारकाला, हात न जोडता परतायचं, हे मला पटणारंच नव्हतं. बाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल: शाहू महाराजांच्या आधी होऊन गेलेले कोल्हापूरचे हे छत्रपती १८७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले आणि परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबरला, फ्लॉरेन्समध्येच वारले. वय अवघं २० वर्षांचं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला आणि १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. राजघराण्याच्या कितीतरी समाध्या आपल्या पंचगंगेच्या काठी, आणि हा विशीतला राजा एकटा तिकडे. माझ्या डोक्यातून ही गोष्ट लहानपणापासून जात नव्हती.

टूरवाल्यांनी आधीच हात झटकले. "तिकडे बघण्यासारखं काही नाही, बागेच्या पार टोकाला आहे, आपली बस जात नाही." एक दुपार मोकळी होती. सगळे बाजारात निघाले. मी, आमचे हे, जाऊबाई आणि धाकटे भाऊजी असे चौघं छत्रीकडे निघालो. माझ्या पर्समध्ये इटालियनचं फ्रेजबुक आणि वही बघून भाऊजी म्हणाले, "वहिनी, पुस्तकातनं विचारशीला झोकात, पण समोरचा तडातडा बोलाय लागला की काय करणार?"

भाऊजींचा मुद्दा खरा आहे. फ्रेजबुकवाले बहुतेक सगळे इथेच अडकतात. प्रश्न घोटून पाठ करतात, उत्तर आलं की तोंडाकडे बघत राहतात, आणि मग पुस्तक कुचकामी म्हणून बॅगेत तळाला जातं. मी कोल्हापुरात असतानाच उलट सुरुवात केली होती. आधी उत्तरं पाठ केली: डावीकडे, उजवीकडे, सरळ, लांब, जवळ, उघडं, बंद, आज, उद्या आणि शंभरपर्यंतचे आकडे. प्रश्न त्यानंतर, आणि तेही असेच की ज्यांचं उत्तर या शब्दांत किंवा हो-नाहीत येईल. "इथला इतिहास काय?" असलं पुस्तकातलं वाक्य मी पाठ करत नाही, कारण त्याचं उत्तर मला पेलणारं नाही.

दुसरं काम म्हणजे सगळं वहीत देवनागरीत उतरवून घेणं. फ्रेजबुकमधले उच्चार इंग्रजी जिभेच्या सोयीने लिहिलेले असतात. ते वाचून आपण उगाच ट-ड करत बसतो. इटालियनचे त आणि द थेट आपले आहेत. 'ग्रात्सिए' (धन्यवाद) मधला 'त्स' म्हणजे आपल्या चमच्यातला च. जोडाक्षर आपण दाबून म्हणतो, तसंच तेही म्हणतात. ज्या बागेत ही छत्री आहे तिचं स्पेलिंग इंग्रजीसारखं वाचलं तर 'कॅसिन' होतं आणि ते कुणालाच कळत नाही. तिथले लोक म्हणतात 'काशीने'. मराठी माणसाला हे सगळं किती सोपं जातं, आणि तरी आपण इंग्रजांचा उच्चार उसना घेतो, याचा मला खरंच राग येतो.

स्टेशनजवळून ट्रामने काशीनेला उतरलो. बाग नदीच्या काठाकाठाने लांबलचक पसरलेली, छत्री थेट दुसऱ्या टोकाला. बरंच चालल्यावर कुत्रा फिरवणारे एक आजोबा दिसले. भाऊजींनी मोबाइल काढून इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. नेट धड चालत नव्हतं. ॲपचं चाक फिरत राहिलं आणि आजोबा मान हलवून पुढे निघाले. मी म्हटलं, "बोनजोर्नो, सिन्योरे. दोव्हे इल मोनुमेन्तो देल्लिन्दियानो?" म्हणजे, त्या भारतीयाचं स्मारक कुठे आहे? ते थांबले. खूप बोलले. त्यातलं मला एवढंच कळलं: 'सेम्प्रे द्रित्तो', म्हणजे सरळच जा. कुत्र्याचा पट्टा मनगटावर चढवून त्यांनी डाव्या तळहातावर उजव्या बोटाने एक रेघ ओढली, ती नदी. तिला येऊन मिळणारी दुसरी ओढली आणि दोन्ही मिळतात तिथे टिचकी मारली. मी विचारलं, "आ पिएदी?" चालत? "सी, सी. वेन्ती मिनूती." वीस मिनिटं. मग मी वहीत आधीच लिहून ठेवलेलं वाक्य म्हटलं: "इल नोस्त्रो रे", आमचा राजा. आजोबांनी कुत्र्याला वळवलं आणि वाट फुटते तिथपर्यंत आमच्यासोबत आले.

छत्रीपाशी चौघांनी बूट काढले. महाराजांचा अर्धपुतळा, खाली चार भाषांतले लेख, आणि शेजारी नदीवरचा १९७८ सालचा मोठा पूल. त्या पुलाचं नावही 'इंदियानो'च. भाऊजींचे डोळे भरून आले होते. परतताना मात्र म्हणाले, "नकाशा लावून पण आलो असतो की." आलो असतो. पण त्या आजोबांशी चार शब्द बोललो नसतो, आणि आपल्या राजाची छत्री तिथल्या माणसांना अजून ठाऊक आहे, हे कोल्हापुरात येऊन सांगता आलं नसतं. भाऊजी हे अजून मान्य करत नाहीत. "साहेबाची भाषा येते तेवढी बास" हे त्यांचं ठरलेलं. राजाराम महाराजांना उत्तम इंग्रजी येत होतं, दौऱ्याची रोजनिशी त्यांनी इंग्रजीतच लिहिली. पण त्यांच्या दिमतीला माणसं होती. आपल्या दिमतीला कोण असतं?

जेवणाचं सांगायलाच हवं. कोल्हापूरचे म्हणजे सगळे तांबडा-पांढरा ओरपणारेच असं नाही; जाऊबाई माळकरी आहेत. फ्रेजबुकात 'मी शाकाहारी आहे' एवढंच वाक्य असतं, त्यावर विसंबू नका. भाजीचं सूपही अनेकदा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे', मांस नको, मासे नको, असं एकेक नाव घेऊन सांगा, आणि सूप असेल तर 'ब्रोदो दी कार्ने?' असं विचारा. वरून भुरभुरतात ते पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने) बनवतात, माळकऱ्यांनी 'सेन्त्सा फोर्माज्जो' म्हणावं. जाऊबाईंसाठी हे मी एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, त्या ती सरळ वेटरच्या हातात द्यायच्या.

आता मोबाइलबद्दल, नाहीतर एकांगी लिहिलं म्हणाल. मेनूकार्ड आणि पाट्या वाचायला कॅमेऱ्याचं भाषांतर उत्तम, तिथे पुस्तक मागे पडतं. फक्त भाषेची फाइल घरच्या वायफायवर उतरवून घ्या, म्हणजे नेट नसलं तरी चालेल. आजारपणात फ्रेजबुक उघडून बसू नका. ११२ लावा किंवा हॉटेलवाल्यांना इंग्रजीत सांगून डॉक्टर मिळवा. जपान-चीनला जाणार असाल तर त्यांच्या लिपीत वाक्य छापलेलं पुस्तक घ्या, बोट ठेवून दाखवता येतं.

स्वित्झर्लंडचं मात्र तुम्ही नीट लिहिलेलं नाही. झुरिच-ल्युसर्नकडे जर्मन, जिनिव्हाकडे फ्रेंच, लुगानोकडे इटालियन. कुठली गावं आहेत ते कळवा, त्यावर कुठल्या भाषेचं पुस्तक घ्यायचं ते सांगते. इटालियनची माझी वही हवी असेल तर पानांचे फोटो टाकते. आकडे आधी पाठ करा.